गामा नाइफनंतरचा रिपोर्ट: गाठीचा निकष एव्हीएमला लावू नका

"गामा नाइफ झालं, आता निर्धास्त!" आणि "वर्ष झालं तरी गाठ तेवढीच, पैसे पाण्यात गेले." ही दोन वाक्यं सारखी कानावर पडतात. गामा नाइफ म्हणजे कवटी न उघडता मेंदूतल्या नेमक्या जागी किरण देण्याचा उपचार. पहिलं बहुधा एव्हीएमच्या (म्हणजे मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या गुंत्याच्या) रुग्णाच्या घरचे म्हणतात, दुसरं गाठीच्या. निर्धास्त व्हायला हरकत नसते ती गाठवाल्यांना, आणि सावध राहायचं असतं ते एव्हीएमवाल्यांनी.

गाठीचं बहुतेकांना माहीत असतं, म्हणून थोडक्यात. तोल सांभाळणाऱ्या नसेवरचा वेस्टिब्युलर श्वानोमा घ्या. तो कॅन्सर नसतो. किरणांमुळे पेशींचा डीएनए मोडतो, त्यांचं विभाजन थांबतं आणि गाठ वाढेनाशी होते. वाढ थांबली की उपचार यशस्वी. गाठ एमआरआयवर आयुष्यभर दिसत राहिली तरी चालते. पहिल्या वर्ष-दीड वर्षात ती थोडी फुगूही शकते आणि नंतर बसते. तेवढ्याने घाबरून लगेच कवटी उघडायला निघू नये.

मशीन कोणतं, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. गामा नाइफच्या नव्या मशीनमध्ये कोबाल्ट-६० चे १९२ किरण एका बिंदूवर येतात, सायबरनाइफमध्ये रोबोटच्या हातावर बसवलेला लिनॅक (विजेवर किरण तयार करणारं यंत्र) फिरतो. सुरी दोन्हीत नाही. मला हा वाद दुय्यम वाटतो.

आता एव्हीएम. ही गाठ नव्हेच. रोहिणीतलं रक्त केशिकांमधून न जाता वाहिन्यांच्या एका गुंत्यातून थेट नीलेत घुसतं, त्या जोरानं भिंत फुटून रक्तस्राव होऊ शकतो. इथे किरणांनी वाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा होते, भिंत हळूहळू जाड होते, पोकळी अरुंद होत शेवटी बुजते. याला दोन ते तीन वर्षं लागतात. ३ सेंटिमीटरपेक्षा लहान गुंते ७० ते ८० टक्के रुग्णांत बुजतात. मोठ्यांना भोवतालचा मेंदू जपण्यासाठी डोस कमी द्यावा लागतो, म्हणून यशही कमी.

सगळे अडखळतात ते याच्या पुढे. "९० टक्के बंद झालं" हा रिपोर्ट वाचून पेढे वाटलेले मी पाहिले आहेत. गाठीत निम्मं यशही यशच, पण एव्हीएममध्ये उरलेल्या १० टक्क्यांतून रक्त त्याच जोरानं वाहतं आणि फुटण्याचा धोका उरतो. उपचाराआधी हा धोका वर्षाला साधारण २ ते ४ टक्के असतो. किरण दिल्याच्या दिवशी तो संपत नाही, गुंता पूर्ण बुजेपर्यंत सोबत असतो. त्या काळात अचानक तीव्र डोकेदुखी, उलटी किंवा फिट आली तर "ट्रीटमेंट झालीय ना" म्हणत घरी थांबू नका, थेट इमर्जन्सी गाठा.

म्हणूनच माझं ठाम मत: एव्हीएम लहान असेल, मेंदूच्या पृष्ठभागाजवळ आणि कमी जोखमीच्या भागात असेल, तर आधी उघड्या शस्त्रक्रियेबद्दल न्यूरोसर्जनला विचारा. गुंता पूर्ण निघाला तर धोका त्याच दिवशी संपतो. थॅलॅमस किंवा ब्रेनस्टेमसारख्या खोल जागी मात्र किरणांचा पर्याय फार मोलाचा.

एमआरआय स्वच्छ आला तरी शेवटचा शब्द डीएसएचा, म्हणजे जांघेतून किंवा मनगटातून नळी घालून केलेल्या अँजिओग्राफीचा. ती टाळू नका. तीन वर्षांनी गुंता उरलेला दिसला तर पुन्हा किरण देता येतात, पण बुजण्याची दोन-तीन वर्षं तेव्हापासून नव्यानं मोजायची.