‘हिशोब येत नाही, तर धंदा कसा करन?’

विदर्भातल्या गावांत बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाबद्दल हे हमखास ऐकू येतं: त्याले बेरीज येत नाही, म्हणजे विक्री त्याच्यासाठी नाहीच. हा समज चुकीचा आहे. वजाबाकी येण्याआधीही विक्री शिकवता येते, फक्त काम तसं मांडावं लागतं.

समजा, विशेष शाळेची मुलं आठवडी बाजारात मूगवड्या विकताहेत. प्रत्येक पुडा 20 रुपयांचाच. तक्त्यावर नोटेचं चित्र. हातातली नोट त्याच्याशी जुळली की पुडा द्यायचा. (20 ची जुनी तांबूस नोट अजून चालते, म्हणून चित्रं दोन हवीत.) 50 ची नोट आली तर 30 रुपयांचं आधीच भरून ठेवलेलं पाकीट द्यायचं. मोजणीसाठी दहा खणांचा डबा: खण भरले, दहा झाले. शिकवताना बरेचदा शेवटची पायरी आधी घेतात. पहिल्यांदा मूल फक्त पुडा हातात देतं, मग पैसे घेणं, मग ‘काय पायजे?’ विचारणं. यात वाट पाहणं, अनोळखी माणसाशी बोलणं, हात धुणं, सारंच येतं.

वड्या बाईंनीच केल्या आणि मुलाला नुसतं फोटोपुरतं उभं केलं, तर त्याला शिक्षण म्हणू नये. आणि नफ्यातला वाटा मुलाच्या हातात पडलाच पाहिजे. कशावर खर्चायचा हे ठरवणं हाही धडाच.

2016 चा दिव्यांग हक्क कायदाही कौशल्य प्रशिक्षण आणि स्वयंरोजगाराला पाठबळ द्यायला सरकारला सांगतो. तेव्हा ‘याले जमत नाही’ म्हणण्याआधी पुड्याची किंमत एकच ठेवून पाहा.