हत्तीरोग : जंत एक, जिवाणू दोन

नागपूर जिल्ह्यात हत्तीरोगाच्या गोळ्यांची मोहीम सुरू झाली की एक प्रश्न हमखास कानावर येतो. "शेजारच्या काकांनी इतकी वर्षं गोळ्या खाल्ल्या, त्यांचा पाय उतरला का? मग मी धडधाकट माणसाने त्या कशाला खायच्या?" यातले निरीक्षण खरे आहे. गोळ्यांनी काकांचा पाय उतरलेला नाही आणि बहुधा उतरणारही नाही. पण त्यावरून गोळी निरुपयोगी ठरवणे चूक आहे. गोळी जंतावर चालते, आणि काकांचा पाय ज्याने एवढा फुगवला त्यात जंताइतकाच मोठा वाटा जिवाणूंचा आहे. या दुसऱ्या अर्ध्या गोष्टीबद्दल आपल्याकडे फार कमी बोलले जाते.

आधी जंत बघू. वुचेरेरिया बँक्रॉफ्टी हे त्याचे नाव. मादी 8 ते 10 सेंटिमीटर लांब आणि जेमतेम पाव मिलिमीटर जाड. ती आतड्यात राहत नाही, आपल्या लसिकावाहिन्यांमध्ये, म्हणजे ऊतींतले जास्तीचे पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांमध्ये, सहा-आठ वर्षे मुक्काम ठोकते आणि लाखो सूक्ष्म पिल्ले रक्तात सोडत राहते. ही पिल्ले, म्हणजे मायक्रोफायलेरिया, दिवसा फुप्फुसांच्या बारीक रक्तवाहिन्यांत दडून बसतात. रात्री दहा ते दोनच्या सुमारास ती त्वचेजवळच्या रक्तात येतात, कारण त्यांना पुढे नेणारा क्युलेक्स डास रात्रीच चावतो. म्हणूनच आरोग्य कर्मचारी रक्ताचे नमुने घ्यायला रात्री दार वाजवतात. त्या वेळी घेतलेल्या रक्ताचा ताजा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर लाल पेशींच्या गर्दीत मध्येच खळबळ उडालेली दिसते. पातळ पारदर्शक आवरणातला एक जीव वळवळत पेशींना इकडेतिकडे ढकलत असतो. पॅट्रिक मॅन्सन या स्कॉटिश डॉक्टरने 1877 साली चीनमधल्या अमॉय बंदरात ही पिल्ले डासाच्या शरीरात वाढताना पाहिली, आणि रोगाच्या प्रसारात डासाचा हात असू शकतो हे पहिल्यांदा दिसले. क्युलेक्सला घाण पाणी आवडते. तुंबलेली गटारे, सेप्टिक टँक, जाळी न लावलेले त्याचे व्हेंट पाइप हे सगळे नागपुरात काय किंवा जिल्ह्यातल्या मौद्यात काय, शोधावे लागत नाही.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो, तो म्हणजे लसिका. शाळेत आपण रक्ताभिसरण शिकतो आणि लसिकेला दोन ओळीत उरकतो. केशवाहिन्यांतून पाणी आणि प्रथिने ऊतींमध्ये सतत झिरपत असतात. त्यातले बरेचसे पाणी परत रक्तात जाते, पण रोज काही लिटर द्रव मागे उरतो. भाताच्या बांधीत जास्तीचे पाणी साचले की धुऱ्याला चर काढून ते वाहते करावे लागते, तसे हे उरलेले पाणी, म्हणजेच लसिका, लसिकावाहिन्या वाहून नेतात. पायाच्या बोटांपासून छातीपर्यंत हे पाणी वर चढवायचे असते, आणि त्यासाठी हृदयासारखा पंप नाही. लसिकावाहिनीला ठरावीक अंतराने झडपा असतात. दोन झडपांमधला तुकडा, म्हणजे लिम्फँजिऑन, स्वतः आकुंचन पावतो आणि आतला द्रव पुढच्या तुकड्यात ढकलतो. पोटरीचे स्नायू चालताना त्याला दाब देतात. झडपा घट्ट मिटतात, म्हणून वर गेलेले पाणी खाली येत नाही.

जंत नेमका इथे घर करतो. पूर्वी समजूत होती की जंतांचे गुंतवळ नळीत बोळा बसल्यासारखे अडकते आणि पाय सुजतो. प्रत्यक्षात जिवंत जंत नळी बुजवत नाही, ती रुंद करतो. अल्ट्रासाउंडवर लसिकावाहिनीत वळवळणारे जिवंत जंत दिसतात, त्या दृश्याला डॉक्टर 'फायलेरिया नृत्य' म्हणतात. भोवतीची नळी ताणलेली असते. जंताच्या सान्निध्यात व्हीईजीएफ-सी नावाचे वाढप्रेरक प्रथिन वाढते, नळीच्या अस्तरपेशींची संख्या वाढते आणि व्यास फुगतो. व्यास फुगला की झडपेची दोन पाने एकमेकांपर्यंत पोचत नाहीत. झडप गळू लागते आणि लसिका खाली उतरते. तरीही या टप्प्यावर पाय बहुधा बाहेरून नीटच दिसतो. हजारो माणसे अशा फुगलेल्या वाहिन्या घेऊन हिंडतात आणि त्यांना कधीच हत्तीपाय होत नाही. मग काहींनाच का होतो?

उत्तर पायाच्या करंगळीच्या बेचकीत आहे. रोवणीच्या दिवसांत मौदा-रामटेककडच्या बाया सकाळपासून संध्याकाळपर्यंत बांधीच्या चिखलात वाकून उभ्या असतात. करंगळी आणि शेजारचे बोट यांच्यामधली कातडी भिजून पांढरी पडते, सोलवटते आणि तिथे बुरशी धरते. याला आपण चिखल्या म्हणतो आणि एरंडेल नाहीतर मलम लावून विसरून जातो. निरोगी पायात त्या भेगेतून शिरलेले स्ट्रेप्टोकोकस जिवाणू लसिकेबरोबर वर जातात, जांघेतल्या गाठींमध्ये पांढऱ्या पेशींच्या हाती सापडतात आणि संपतात. पण जिथे लसिका पुढे सरकतच नाही, तिथे या जिवाणूंना प्रथिनांनी भरलेला कोमट, संथ द्रव आयता मिळतो. अचानक हुडहुडी भरते, ताप चढतो, पाय लालबुंद होऊन आग होते, जांघेत गोळा येतो. चार-पाच दिवसांनी हे ओसरते, कातडी सोलून निघते, पण सूज पूर्ण उतरत नाही.

असा प्रत्येक झटका आधीच अधू झालेल्या वाहिन्यांना आणखी चट्टे पाडतो. साचलेल्या प्रथिनांमुळे आणि दाहामुळे तंतुपेशी जाग्या होतात आणि कोलॅजन या चिवट प्रथिनाचे थर रचतात. त्वचा जाड होते, घड्या पडतात. घड्यांच्या आत ओल राहते आणि तिथे पुन्हा भेगा पडतात. पुढचा झटका लवकर येतो. हे चक्र वर्षानुवर्षे फिरले की जो पाय तयार होतो त्याला आपण हत्तीपाय म्हणतो. तोपर्यंत मूळ जंत कदाचित कधीच मेलेला असतो. म्हणून काकांना गोळीचा उपयोग होत नाही.

ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात डॉ. जेरुसा ड्रेयर यांनी रुग्णांचे हे तापाचे झटके बारकाईने वेगवेगळे केले. मोठा जंत मरतो तेव्हा येणारा झटका सौम्य असतो आणि त्याची लाल रेघ वरून खाली उतरते. जिवाणूंचा झटका खालून वर चढतो, तीव्र असतो, आणि पाय बिघडवण्याचे काम मुख्यतः तोच करतो. हे कळल्यावर उपचारही बदलला. साधा साबण, स्वच्छ गार पाणी, बोटांच्या बेचक्या आणि त्वचेच्या घड्या हळुवार धुणे, मऊ कापडाने टिपून पूर्ण कोरड्या करणे, बुरशी असेल तर मलम, बसताना-झोपताना पाय उंच, घोट्याचा व्यायाम, पायात चप्पल. रोज एवढे नेमाने केले की झटके कमी होतात, आणि झटके थांबले की पुष्कळांचा पाय थोडा हलकाही होतो. सरकारी दवाखान्यातून हत्तीरोगाच्या रुग्णांना टब, मग, साबण, टॉवेल आणि मलम असे किट देतात ते याचसाठी.

आणि नेमका इथेच आपल्याकडे उलटा समज आहे. "पाय ओला केला का ताप येते न बाबू, म्हून मी धूतच नाई," असे एका आजीने मला सांगितले होते. ओल्याने ताप येतो हे आजींनी अनुभवाने टिपले होते, कारण न पुसलेली ओल बेचकीत राहते. पण न धुण्याने जिवाणू वाढतातच. दुसरा समज पुनवेचा आणि अवसेचा. ताप त्या दिवशी येतो, म्हणून दोरा बांधायचा, उतारा टाकायचा. मायक्रोफायलेरियाचे वेळापत्रक रोजच्या दिवस-रात्रीचे असते, चंद्राच्या कलांशी त्याचा संबंध नाही, आणि स्ट्रेप्टोकोकसला तर भेग लागते, तिथी लागत नाही. उताऱ्यावर गेलेले चार दिवस म्हणजे प्रतिजैविकाविना गेलेले चार दिवस. शहरातही सगळे शहाणे आहेत असे नाही. लसिका 'डिटॉक्स' करून शरीरातले विष काढणारे मसाज आणि रोलर सध्या मोबाइलवर जोरात विकले जातात. निरोगी माणसाची लसिका चालण्याने पुरेशी वाहते. रुग्णाच्या पायाला तज्ज्ञाने शिकवलेला मसाज वेगळा, आणि सुजलेल्या, लाल पायावर रोलर फिरवणे तर घातकच.

दुसरा जिवाणू याहून विलक्षण आहे, कारण तो जंताच्याच शरीरात, त्याच्या पेशींच्या आत असतो. वोल्बाकिया हे त्याचे नाव. हर्टिग आणि वोल्बाक या संशोधकांनी 1924 साली तो पहिल्यांदा पाहिला तो क्युलेक्स डासातच. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली फायलेरियाच्या जंतांच्या पेशींतही जिवाणू दिसले, आणि ते वोल्बाकियाच निघाले. 2005 साली ब्रुगिया मलायी या जवळच्या फायलेरिया जंतातल्या वोल्बाकियाचा जनुकसंच वाचला गेला, तेव्हा असे दिसले की हीम, रायबोफ्लेव्हिन आणि न्यूक्लिओटाइड ही पेशींना जगायला लागणारी द्रव्ये बनवण्याची यंत्रणा या जिवाणूकडे शाबूत आहे. जंत त्याच्यावर इतका विसंबून आहे की डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाने वोल्बाकिया मारला की मादी वांझ होते आणि मोठे जंत महिनोन्महिने झुरत मरतात. म्हणजे जिवाणूविरोधी औषधाने जंत मारता येतो. पण डॉक्सिसायक्लिन चार ते सहा आठवडे रोज घ्यावे लागते, गरोदर स्त्रियांना आणि लहान मुलांना देत नाहीत, त्यामुळे गावभर वाटण्याचे ते औषध नाही.

जंत जिवंत असताना शरीराचा प्रतिकारही वेगळ्या वाटेला नेतो. टीएच-1 प्रकारचा, म्हणजे पेशींच्या आत लपणाऱ्या क्षयासारख्या जिवाणूंविरुद्धचा प्रतिसाद मंदावतो. त्याऐवजी दुसऱ्या वाटेचा टीएच-2 प्रतिसाद, दाह आवरणाऱ्या नियामक टी-पेशी (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) आणि इंटरल्युकिन-10 हे दाह दाबणारे प्रथिन वाढतात, आयजीजी-4 प्रकारची प्रतिपिंडे चढतात. जंताला याचा फायदा उघड आहे, दाह दबला की तो सुखाने जगतो. किंमत दुसरीकडे मोजावी लागते. इथिओपियातल्या एका अभ्यासात पोटातले जंत असलेल्या लोकांना आधी जंतनाशक देऊन मग क्षयाविरुद्धची बीसीजी लस टोचली, तेव्हा लसीला टी-पेशींचा प्रतिसाद अधिक चांगला मिळाला. खेड्यात एकाच शरीरात जंत आणि जिवाणू दोन्ही असणे नेहमीचे आहे, आणि एकाचा हिशेब दुसऱ्याला सोडून लागत नाही. वर्ध्याजवळच्या सेवाग्रामच्या वैद्यकीय संस्थेत फायलेरिया आणि क्षय या दोन्हींच्या निदानावर कित्येक वर्षे काम झाले आहे.

आता गोळीकडे. नागपूर जिल्ह्यात 2019 साली आयव्हरमेक्टिन, डीईसी (डायइथिलकार्बामॅझिन) आणि अल्बेंडाझोल अशी तीन औषधे एकत्र दिली गेली. देशात ही पद्धत अगदी सुरुवातीला वापरलेल्या जिल्ह्यांत आपला जिल्हा होता. यातले आयव्हरमेक्टिन ज्या औषधापासून बनते ते जपानच्या मातीतल्या एका जिवाणूने दिलेले. त्या शोधासाठी सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना 2015 चे नोबेल मिळाले. हा तिसरा जिवाणू आपल्या बाजूचा. गोळ्या घेतल्यावर काहींना ताप येतो, डोके दुखते, मळमळते, आणि गावात लगेच बोलबाला होतो की गोळी बाधली. प्रत्यक्षात गोळीने रक्तातली पिल्ले मोठ्या संख्येने मरतात, त्यांच्यातला वोल्बाकिया बाहेर पडतो आणि शरीर त्यावर दाहाने उत्तर देते. असा त्रास बहुधा त्यालाच जास्त होतो ज्याच्या रक्तात पिल्ले जास्त होती. म्हणजे डास त्याच्याकडूनच रोग शेजाऱ्याकडे नेत होता. धडधाकट माणसाने गोळी खायची ती याचसाठी. दोन वर्षांखालची मुले, गरोदर स्त्रिया आणि गंभीर आजारी माणसे सोडून बाकीच्यांनी ती जेवून, कर्मचाऱ्यासमोरच घ्यावी. पाच वर्षांखालच्या मुलांना आयव्हरमेक्टिन देत नाहीत.

ज्यांचा पाय आधीच सुजलेला आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. पाय लाल होऊन थंडी वाजली तर शेक घेऊ नये, मालीश करू नये, घट्ट पट्टी बांधू नये, आणि हत्तीरोगाची गोळी त्या दिवसांत घेऊ नये. पायावर गार पाण्याचे ओले फडके ठेवावे, पाय उशीवर उंच ठेवावा, पाणी भरपूर प्यावे आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन प्रतिजैविक सुरू करावे. तिथे डॉक्टरांना बोटांच्या बेचक्या आवर्जून दाखवाव्यात, कारण बऱ्याचदा जिवाणू शिरलेली भेग तिथेच सापडते.