पहिल्या नंबरचे अध्यापक विद्यालय कोणते?

मुलांचे गुण वाढले म्हणजे शिक्षक चांगला, आणि असे शिक्षक जिथून बाहेर पडतात ते कॉलेज चांगले. हे इतके सरळ वाटते की कुणी वाद घालत नाही. अमेरिकेत तर यावर सरकारी धोरणच उभे राहिले. २००९ साली जाहीर झालेल्या 'रेस टू द टॉप' योजनेत मुलांची प्रगती त्यांच्या शिक्षकांशी, आणि पुढे त्या शिक्षकांच्या प्रशिक्षण संस्थांशी जोडू पाहणाऱ्या राज्यांना झुकते माप होते. ऑक्टोबर २०१६ मध्ये राज्यांनी अशा संस्थांची प्रतवारी करावी, असा केंद्रीय नियमच आला. मार्च २०१७ मध्ये तो रद्द झाला, पण राजकारणामुळे. खरे तर तो गणितामुळे रद्द व्हायला हवा होता.

ते गणित पाहू. समजा, ४० कॉलेजे आहेत आणि ती हुबेहूब सारखी आहेत. शिकवणारे तितकेच चांगले, अभ्यासक्रम तोच. प्रत्येकातून २५ जण प्राथमिक शिक्षक झाले. आता कुठल्याही कॉलेजातून सगळे शिक्षक एका साच्याचे निघत नाहीत. कुणाच्या वर्गाची वर्षभरातली प्रगती सरासरीहून बरीच जास्त असते, कुणाची बरीच कमी. हा पसारा, म्हणजे प्रमाण विचलन, १० गुणांचे धरू. मग २५ शिक्षकांच्या सरासरीत निव्वळ योगायोगाने किती चढउतार होईल? १० भागिले २५ चे वर्गमूळ, म्हणजे २ गुण. ऐकायला हे थोडे वाटते. पण ४० सरासऱ्या उतरत्या क्रमाने मांडल्या की पहिली साधारण ४ गुणांनी वर आणि शेवटची ४ गुणांनी खाली निघते. मुळात काडीचाही फरक नसलेल्या दोन कॉलेजांत आठ-साडेआठ गुणांची दरी! पहिल्याचा सत्कार होणार, शेवटच्याला नोटीस जाणार.

छोट्या कॉलेजांचे हाल आणखी वेगळे. ज्याचे चारच शिक्षक मोजणीत आले, त्याची सरासरी ५ गुणांनी हेलकावते. म्हणून यादीच्या अगदी वर आणि अगदी खाली, दोन्हीकडे छोटीच नावे जास्त दिसतात. नमुना लहान असला की टोके गाठली जातात, हे अब्राहम द म्वाव्र या गणितज्ञाने अठराव्या शतकातच दाखवले होते.

यावर नेहमीचे उत्तर असे की २५ शिक्षक कुठे, वर्गात ३० मुले धरली तर ७५० मुले झाली की! इथेच खरी गफलत होते. एका वर्गातली तीस मुले म्हणजे एकाच खिडकीतून पाहिलेले तीस साक्षीदार. त्यांचा शिक्षक एकच, खोली एकच, वर्षही एकच. आपला प्रश्न कॉलेजाबद्दल आहे, म्हणून मोजायचे शिक्षक. वर्गमूळ २५ चे घ्यायचे. ७५० चे घेतले तर योगायोगालाही भक्कम पुराव्याचे रूप येते. दोन कॉलेजांत खरोखर एका गुणाचा फरक असेल, तर तो बऱ्यापैकी खात्रीने ओळखायला (फरकाची प्रमाण त्रुटी, म्हणजे त्यातला योगायोगाचा चढउतार, अर्ध्या गुणावर आणायची; n म्हणजे प्रत्येक कॉलेजाचे शिक्षक धरले तर १० गुणिले २/n चे वर्गमूळ = ०.५) प्रत्येकी सुमारे ८०० शिक्षक लागतील. इतके शिक्षक देणारी कॉलेजे थोडीच.

मिसुरी राज्याच्या आकडेवारीवर कोरी कोडेल आणि सहकाऱ्यांनी हेच दाखवले. वर्गवार गठ्ठे नीट विचारात घेतल्यावर कॉलेजाकॉलेजांतला फरक जवळपास विरून गेला. एकाच कॉलेजातून निघालेल्या शिक्षकांतला फरक मात्र प्रचंड राहिला. २०१८ मध्ये पॉल फॉन हिप्पेल आणि लॉरा बेलोज यांनी टेक्सास, फ्लोरिडा, न्यूयॉर्क शहर वगैरे सहा ठिकाणची आकडेवारी पुन्हा तपासली. निष्कर्ष तसाच.

शिवाय शिक्षक घराजवळ नोकरी धरतात. न्यूयॉर्क राज्याच्या एका अभ्यासात ६१ टक्के नवे शिक्षक आपल्या गावापासून १५ मैलांच्या आतच लागले होते. गरीब भागातल्या कॉलेजाचे शिक्षक गरीब भागातच शिकवणार, आणि तिथल्या अडचणींचे खापर कॉलेजावर फुटणार.

क्रमवारी हा सुशिक्षितांचा राशिफल-वाचनाचा प्रकार आहे, असे माझे मत. आणि खुद्द शिक्षकही अशा समजुतींपासून मुक्त नाहीत. 'कुणी पाहून शिकतो, कुणी ऐकून, तसेच त्याला शिकवावे' या कल्पनेला भक्कम पुरावा मिळालेला नाही. तरी २०१२ च्या एका पाहणीत ब्रिटन आणि नेदरलँड्समधल्या दहापैकी नऊहून अधिक शिक्षकांनी ती खरी मानली. प्रशिक्षणात हे पुसले जात नसेल तर काय शिकवले जाते?

ते शिक्षकांनाच थेट विचारावे. पावणेदोन भागिले अर्धा किती? आणि हा भागाकार जिथे खरोखर करावा लागेल असे एक उदाहरण तयार करा. लिपिंग मा यांच्या १९९९ च्या अभ्यासात अमेरिकेतल्या ज्या २१ शिक्षकांनी गणित करून पाहिले, त्यांतल्या ९ जणांनाच साडेतीन हे उत्तर पूर्णपणे आले. चीनमधल्या ७२ पैकी सगळ्यांना आले. उदाहरण रचताना तर अनेकांनी पावणेदोनचे दोन वाटे केले. म्हणजे अर्ध्याने भागण्याऐवजी दोनने भागले! अशी चाचणी निरुपयोगी नाही. हेदर हिल, ब्रायन रोवन आणि डेबोरा बॉल यांना २००५ मध्ये आढळले, की शिक्षकाला शिकवण्यापुरते गणित किती कळते यावर पहिली आणि तिसरीतल्या मुलांची प्रगती काही अंशी ठरते.

क्रमवारीऐवजी पाहण्याजोगी दुसरी जागा सराव पाठांची. न्यूयॉर्क शहरातल्या २००९ च्या अभ्यासात, सराव पाठांवर नीट देखरेख ठेवणाऱ्या कॉलेजांचे शिक्षक पहिल्या वर्षी सरस ठरले. पण त्यात तुलना ३१ अभ्यासक्रमांची होती, त्यामुळे वरचे वर्गमूळ इथेही आडवे येते. वॉशिंग्टन राज्यात वेगळी वाट धरली गेली. तिथे कॉलेज बाजूला ठेवून, कोणता छात्राध्यापक कोणत्या मार्गदर्शक शिक्षकाच्या हाताखाली होता ते पाहिले. गणितात मार्गदर्शक जितका परिणामकारक, तितका त्याच्या हाताखालचा छात्राध्यापकही पुढे परिणामकारक निघाला. या मोजणीत एकक कॉलेज नसून छात्राध्यापक आहे, आणि त्यामुळे n पुरेसा मोठा मिळतो.