कृत्रिम सांध्याचा विसर अरबीत कसा विचारावा?

गुडघ्याचा सांधा बदलल्यानंतर क्ष-किरण चित्रात सारे काही जागच्या जागी दिसले, तरी रुग्ण समाधानी असेलच असे नाही. म्हणून आता रुग्णालाच विचारले जाते. 2012 साली प्रसिद्ध झालेली ‘फरगॉटन जॉइंट स्कोअर’ ही प्रश्नावली दुखण्याऐवजी, रात्री अंथरुणात किंवा जिना चढताना अशा 12 प्रसंगी कृत्रिम सांध्याची जाणीव होते का, एवढेच विचारते. सांध्याचा विसर जितका अधिक, तितके 100 पैकी गुण अधिक.

ती अरबीत नेताना ‘जाणीव’ या शब्दापाशीच अडायला होते. ‘इहसास’ म्हटले तर मनात थेट वेदना येऊ शकते, तर ‘वई’ (भान) हा शब्द आजारी माणसाशी बोलताना जड वाटतो. (मराठीत ‘जाणीव’ आयती मिळते, हे आपले नशीब.) शिवाय अरबी क्रियापद पुरुषासाठी ‘तशउर’ आणि स्त्रीसाठी ‘तशउरीन’ असे बदलते, आणि गुडघ्याच्या संधिवाताच्या रुग्णांत तर स्त्रियाच अधिक. उत्तरांमध्येही ‘अबदन’ म्हणजे कधीच नाही आणि ‘नादिरन’ म्हणजे क्वचित, यांच्यामध्ये ‘जवळजवळ कधीच नाही’ ही पायरी अशी बसवावी लागते, की वृद्ध रुग्णालाही तिन्हींतला फरक कळावा.

रूढ पद्धतीनुसार दोन अनुवादक स्वतंत्रपणे काम करतात, त्यांपैकी एक मुद्दाम वैद्यकाबाहेरचा असतो. दोन्ही अनुवाद जुळवून झाले, की मूळ प्रश्नावली न पाहिलेली माणसे ते उलट इंग्रजीत आणतात, तज्ज्ञ मतभेद मिटवतात आणि मसुदा 30 ते 40 रुग्णांपुढे ठेवला जातो. खरी परीक्षा इथेच होते, असे मला वाटते. मसुदा प्रमाण अरबीत असतो. तो मोरोक्कोपासून ओमानपर्यंत वाचता येतो, पण निरक्षर आजीला परिचारिका तो वाचून दाखवते ती स्थानिक बोलीत, म्हणजे तिथे नकळत आणखी एक अनुवाद होतो.

शब्द जुळले तरी प्रसंग जुळतातच असे नाही. बुटक्या आसनावरून उठण्याचा प्रश्न युरोपातल्या रुग्णाला सोफ्याची आठवण करून देतो, तर जमिनीवरच्या बैठकीची सवय असलेल्या घरात तो थेट जमिनीवरून उठण्याचा होतो. गुडघ्यासाठीच्या ‘ऑक्सफर्ड नी स्कोअर’ या 1998 च्या दुसऱ्या प्रश्नावलीत गुडघे टेकून पुन्हा उठता येते का, असा प्रश्न आहे. दिवसातून पाच वेळा नमाज पढणाऱ्याला तो सजद्याचाच, म्हणजे गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावण्याचाच प्रश्न वाटतो. आणि खुर्चीवर बसून नमाज पढणारा रुग्ण ‘नाही’ म्हणतो तेव्हा गुडघा वाकत नाही, की वाकवायची भीती वाटते, हे त्या एका खुणेवरून कळत नाही.