स्वखुशीने गेलेला शिपाई: ऑस्ट्रेलियन पायदळ, १९१४ ते १९१८

पहिल्या महायुद्धात लढलेला ऑस्ट्रेलियन पायदळ शिपाई सक्तीने भरती झालेला नव्हता. त्याची पुढची सगळी कहाणी या एका गोष्टीतून निघते. ऑस्ट्रेलियाच्या १९०३ च्या संरक्षण कायद्यानुसार कोणालाही सक्तीने देशाबाहेर लढायला पाठवता येत नव्हते. म्हणून ऑगस्ट १९१४ मध्ये ‘ऑस्ट्रेलियन इंपीरियल फोर्स’ हे वेगळे सैन्य उभारले गेले. देशाची लोकसंख्या जेमतेम पन्नास लाख. युद्ध संपेपर्यंत नाव नोंदवणारे चार लाखांवर गेले.

ब्रिटिश साम्राज्यावरची निष्ठा त्यामागे होतीच, पण दुष्काळाने शेतमजुरांचे हातही रिकामे केले होते. ऑस्ट्रेलियन शिपायाला दिवसाला सहा शिलिंग मिळत, ब्रिटिश शिपायाला सुरुवातीला एकच. आरंभी किमान उंची पाच फूट सहा इंच लागे. माणसे कमी पडू लागल्यावर ती अट खाली आली.

इजिप्तमधल्या सरावानंतर २५ एप्रिल १९१५ रोजी हे शिपाई तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरले. भारतीय सैन्याच्या डोंगरी तोफाही त्याच दिवशी तिथे उतरल्या, आणि पुढे पाणी व दारूगोळा वर चढवायला भारतीय खेचरांची पथके होती. आठ महिन्यांत आठ हजारांहून अधिक ऑस्ट्रेलियन मारले गेले. मृतांच्या याद्या घरी पोहोचत होत्या, तरी भरतीचा उच्चांक जुलै १९१५ मध्येच झाला. मला यातले धैर्य आजही थक्क करते.

खरा संहार मात्र फ्रान्समध्ये झाला. १९ जुलै १९१६ च्या संध्याकाळी फ्रोमेल येथे पाचव्या डिव्हिजनने उघड्या, सपाट मैदानातून हल्ला चढवला. या डिव्हिजनला फ्रान्समध्ये येऊन महिनाही झाला नव्हता. सकाळपर्यंत साडेपाच हजारांवर माणसे मृत, जखमी किंवा कैद झाली होती. लगोलग पोझिएरची लढाई आली. तिथे सुमारे सहा आठवड्यांत तेवीस हजार माणसे कामी आली किंवा जायबंदी झाली. बहुतेक तोफांच्या माऱ्याने, ज्यापुढे बंदूकधारी शिपायाचे काहीच चालत नसे.

ही तूट भरायला सरकारने सक्तीच्या भरतीसाठी १९१६ आणि १९१७ मध्ये दोनदा जनमत घेतले. दोन्ही वेळा नकार आला. १९१६ ला खुद्द सैनिकांचा कौलही थोड्याच फरकाने सक्तीच्या बाजूने होता.

परिणामी तीच माणसे जखमा भरल्या की पुन्हा खंदकात परतत राहिली. सप्टेंबर १९१८ मध्ये काही बटालियन मोडून इतरांत मिसळण्याचा हुकूम आला, तेव्हा शिपायांनी तो मानला नाही. लढायला ते तयार होते, आपली बटालियन सोडायला नव्हते. ब्रिटिश सैन्यात पळून जाणाऱ्यांना गोळ्या घातल्या जात. ऑस्ट्रेलियन शिपायांना मात्र ती शिक्षा प्रत्यक्षात कधीच दिली गेली नाही.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला थकलेले पायदळ आघाडीवरून मागे घेण्यात आले आणि ११ नोव्हेंबरला युद्ध थांबले. साठ हजारांवर ऑस्ट्रेलियन या युद्धात मृत्युमुखी पडले. जहाजे अपुरी असल्याने उरलेल्यांची परतपाठवणी १९१९ भर चालली: जे आधी गेले होते, त्यांचा नंबर आधी.