घडातून एक फणी

एप्रिलातल्या एका दुपारी रावेर तालुक्यातून फोन आला. केळी उत्पादकांच्या एका गटाची साइट मी जळगावात बसून सांभाळतो, ती उघडेनाशी झाली होती. "बॅकअप आहे ना भाऊ?" होता की! एक प्लगिन (साइटला जोडलेला छोटा प्रोग्रॅम) रोज रात्री स्वतःच्या खास साच्यातली एक भलीमोठी फाइल बनवत असे. पण ती फाइल उघडणार फक्त तेच प्लगिन, आणि ते प्लगिन चालायला साइट चालू हवी. किल्ली कपाटात आणि कपाटाला कुलूप.

तेव्हापासून कुठलाही बॅकअप समोर आला की मी आधी एवढंच बघतो: तो बनवणारं सॉफ्टवेअर उद्या नाहीसं झालं, तर साध्या साधनांनी, हातानं, साइट उभी करता येईल का?

वर्डप्रेससारख्या (साइट बनवायच्या तयार सॉफ्टवेअरवरच्या) साइटचे दोन भाग असतात. एक म्हणजे फायली: फोटो, कोड, मांडणी. त्या कॉपी केल्या की झालं (नावाआधी टिंब असलेल्या फायली यादीत दिसत नाहीत आणि हमखास मागे राहतात, तेवढं सांभाळायचं). दुसरा भाग डेटाबेसचा: लेख, सेटिंग्ज, नोंदी. त्याच्या चालू फायली तशाच उचलल्या, तर अर्धवट लिहिलेला डेटा हाती लागतो. म्हणून डेटाबेसकडूनच 'डंप' काढून घेतात. डंप म्हणजे साध्या मजकुरातली आज्ञांची यादी: अमुक टेबल (नोंदींचा तक्ता) बनव, त्यात तमुक ओळ घाल. ती नोटपॅडमध्येही वाचता येते. मायएसक्यूएल या डेटाबेसचं डंप काढणारं साधन सहसा अगदी शेवटी 'डंप पूर्ण झाला' अशा अर्थाची ओळ लिहितं. ती ओळ दिसली नाही, तर काम मध्येच तुटलं असा संशय घ्यावा. दोन सेकंदांची तपासणी, पण करणारे मला फार भेटले नाहीत.

एकच प्रचंड डंप हातानं परत चढवणं मात्र जिकिरीचं. वर्डप्रेस ज्या भाषेत चालतो त्या पीएचपीची फाइल अपलोडची मूळ मर्यादा अवघी २ एमबी आहे. बरेच होस्टिंगवाले ती वाढवून देतात, तरी मोठा डंप ब्राउझरमधून चढवताना अडकतोच. त्यापेक्षा प्रत्येक टेबलाची वेगळी फाइल काढावी. घडातली एक फणी खराब निघाली म्हणून कोणी अख्खा घड टाकत नाही. केळीच्या बाजारभावाचं टेबल बिघडलं तर तेवढंच परत आणता येतं. फक्त सगळ्या फण्या एकाच क्षणी कापलेल्या हव्यात, नाहीतर पावती सापडते आणि तिचा सभासद गायब असतो.

दाबून लहान करण्यातही हाच फरक दिसतो. झिप प्रत्येक फाइल स्वतंत्रपणे दाबते, त्यामुळे बिघाड बहुधा एका फाइलपुरता राहतो. टार (अनेक फायलींचा एक गठ्ठा) करून त्याची जीझिप (दाबलेली फाइल) केली तर सगळा गठ्ठा एका सलग प्रवाहासारखा दाबला जातो. त्यात पुढचा मजकूर 'मागे आलं होतं तेच पुन्हा' अशा खुणांनी लिहिलेला असतो, म्हणून मध्ये काही बिघडलं की पुढचं वाचणं अवघड. झिपचीही एक खोड आहे. तिची अनुक्रमणिका शेवटी असते, त्यामुळे अर्धवट डाउनलोड झालेली झिप सहजी उघडत नाही.

आता सगळ्यात खट्याळ भाग. वर्डप्रेस आपल्या बऱ्याच सेटिंग्ज अशा रूपात साठवतो की मजकुराच्या प्रत्येक तुकड्याआधी त्याची लांबी लिहिलेली असते, तीही बाइटमध्ये. 'केळी' या शब्दात क, एकाराची मात्रा, ळ आणि दीर्घ ईकार अशी चार चिन्हं आहेत. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणून लांबी १२. साइट नव्या पत्त्यावर नेताना कोणी डंप उघडून जुना पत्ता शोधून नवा घातला, की मजकूर बदलतो पण आधीचा आकडा तोच राहतो. हिशेब जुळला नाही की पीएचपी ती सेटिंग वाचायचं नाकारतं. लेख जसेच्या तसे दिसतात, मुखपृष्ठाची मांडणी मात्र विस्कटते. त्यासाठी आकड्यासकट बदल करणारं साधन वापरावं लागतं.

आणि डंपमध्ये लिपीची, म्हणजे अक्षरं कुठल्या पद्धतीनं साठवली त्याची, नोंद चुकली तर? देवनागरीचा पहिला बाइट नेहमी सारखाच असतो. तो लॅटिन समजून वाचला, की पडदाभर डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी 'ए' दिसतो.

हे सगळं लहान साइटचं दुखणं म्हणून सोडून देऊ नका. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेच्या एका अभियंत्यानं चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला. सुमारे ३०० जीबीपैकी ४.५ जीबी उरले. डंप घेणारा प्रोग्रॅम ९.२ आवृत्तीचा आणि डेटाबेस ९.६ चा, म्हणून डंप बनतच नव्हते. तसं सांगणारे ईमेलही पलीकडे नाकारले जात होते. सुमारे सहा तास आधीची एक प्रत योगायोगानं हाताशी होती, तिच्यावर निभावलं.

आता रावेरच्या साइटच्या प्रत्येक बॅकअपमध्ये 'आधी हे वाचा' नावाची साधी मजकुराची फाइल असते. कुठली आवृत्ती, कुठली लिपी, आधी काय चढवायचं, पासवर्ड कोणाकडे, असं सगळं त्यात मराठीत आहे. मागच्या महिन्यात गटातल्या एकाच्या मुलाला ती दिली आणि म्हटलं, मला न विचारता तुझ्या लॅपटॉपवर साइट उभी कर. चाळीस मिनिटांत झाली. एकाच ठिकाणी अडला: टेबलांच्या नावाआधीचा उपसर्ग मी लिहायचा विसरलो होतो. ती ओळ त्यानंच फाइलमध्ये घातली.