हाताने केलेलं वाचन

१८८७ साली पॅरिसमधल्या एका गृहस्थांना अचानक वाचता येईनासं झालं. नजर शाबूत, बोलणं नीट, लिहिणंही व्यवस्थित. पण स्वतःच लिहिलेली ओळ त्यांना वाचता येईना. त्यांना तपासणारे न्यूरॉलॉजिस्ट जूल देजरीन यांनी एक गोष्ट टिपली: अक्षर बोटाने गिरवलं, की ते त्यांना ओळखू येई. डोळ्यांनी दगा दिला, तरी हाताला आठवण होती.

चिनी वाचणाऱ्याच्या मेंदूत हाताची ही आठवण फार मोलाची ठरते.

शब्दाचं रूप ओळखणारा मेंदूचा डावा, मागचा, खालचा भाग चिनी आणि इंग्रजीत एकच. पुढे मात्र वाटा थोड्या फाकतात. इंग्रजीत अक्षरांचे आवाज जुळवत शब्द उभा करायचा असतो. ते काम मुख्यतः डाव्या कानाच्या वरचा-मागचा भाग करतो. चिनीत असं सुटं जुळवायला काही नसतं. ‘मा’ म्हणजे आई, हे चिन्ह पाहा. डावीकडे बाई, उजवीकडे घोडा! घोड्यालाही ‘मा’च म्हणतात, फक्त सूर निराळा, म्हणून तो केवळ उच्चार सुचवायला आलाय. पण अशा खुणेवर भिस्त ठेवता येत नाही. नदीच्या ‘ज्यांग’ या चिन्हातली उच्चाराची खूण आज ‘गोंग’ अशी वाचतात.

मग हजारो चिन्हं लक्षात राहतात कशी? मुलं ती गिरवून गिरवून घोटतात. कोणती रेघ आधी, कोणती नंतर, हेही ठरलेलं. २००४ साली मेंदू-संशोधक वाई टिंग सिओक, ली हाई तान आणि सहकाऱ्यांना वाचनात अडखळणाऱ्या चिनी मुलांमध्ये डाव्या कपाळामागचा एक भाग मंद आढळला. इंग्रजीत डिस्लेक्सिया, म्हणजे वाचनातला असाच अडथळा, असलेल्यांमध्ये मात्र प्रामुख्याने कानामागच्या त्या भागाची कुचंबणा दिसते. पुढच्याच वर्षी तान यांच्या गटाने दाखवलं, की चिनी मुलांच्या वाचनाचं नातं आवाज ओळखण्यापेक्षा लिहिण्याशी अधिक घट्ट आहे.

अर्थात हात फक्त चिनीतच मदतीला येतो असं नाही. २०१२ च्या एका अभ्यासात फ्रेंच वाचणाऱ्यांच्या मेंदूतही हस्ताक्षराची हालचाल ओळखणारा भाग कामाला लागलेला दिसला.

म्हणूनच मला चीनमधल्या एका बदलाची काळजी वाटते. तिथे आता बरेच जण रोमन अक्षरांत उच्चार टाइप करतात आणि समोर आलेल्या चिन्हांतून हवं ते निवडतात. रेघ काढावीच लागत नाही. ‘पेन उचललं की अक्षर विसरतं’ अशी चिनीत म्हणच पडलीय. २०१३ साली तान यांच्या गटाला प्राथमिक शाळेतल्या मुलांत आढळलं, की अशा टायपिंगचा वापर जास्त, तिथे वाचनाचे गुण कमी. आणि हाताने लिहिणाऱ्यांचं वाचन सरस.